मालिकेतलं हॉस्पिटल कितपत खरं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रात्रीचा भाग संपला की दोन तट पडतात: "असं होऊच शकत नाही" म्हणणारे आणि "अहो, आमच्या ओळखीत झालंय" म्हणणारे. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. जिथे मुद्दा आधी येऊन गेलाय तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिलाय. मालिकांची नावं मुद्दाम टाळली आहेत, कारण चुका सगळीकडे त्याच.

१. एखादा प्रसंग पटण्यासारखा आहे की नाही, हे डॉक्टर नसलेल्यानं कसं ओळखायचं?

आजार किती दुर्मिळ आहे यावर भांडू नका. लाखात एकाला होणारा आजार नायिकेला झाला तर ती चूक नाही. त्यासाठीच तर ती नायिका. बघायचं ते घड्याळ, नळ्या आणि कागद. किती वेळात काय झालं? त्या अवस्थेतल्या रुग्णाला जी नळी असायलाच हवी ती आहे का? आणि ज्याला कायद्यानं सही, समिती किंवा अहवाल लागतो ते तोंडी उरकलंय का? मालिकांचे बहुतेक घोटाळे या तिन्हींत सापडतात. अचाट वाटणारा आजार मात्र कधीकधी अगदी खरा निघतो (प्रश्न १५ पाहा).

२. मॉनिटरवर सरळ रेषा आली की शॉक देतात. बरोबर आहे का?

नाही. ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात हट्टी चूक. शॉकनं बंद हृदय सुरू होत नाही. हृदयातली वीज सैरावैरा धावत असते तेव्हा शॉक ती क्षणभर थांबवतो, म्हणजे हृदयाचा स्वतःचा ताल पुन्हा सुरू व्हायला वाव मिळतो. म्हणून शॉक दोनच तालांना देतात: व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन, ज्यात रेषा वेडीवाकडी थरथरते, आणि नाडी न लागणारा व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया, ज्यात रुंद लाटा भराभर येतात. आजकालच्या बायफेजिक मशीनवर साधारण १२० ते २०० ज्यूल लावतात.

सरळ रेषेला शॉकचा उपयोग नाही. तिथे छाती दाबत राहायची, दर ३ ते ५ मिनिटांनी १ मिलिग्रॅम अॅड्रिनॅलिन शिरेतून द्यायचं आणि मूळ कारण शोधायचं: रक्तस्राव, पोटॅशियम वाढणं, ऑक्सिजन कमी पडणं. अॅड्रिनॅलिनची लांब सुई थेट हृदयात खुपसण्याची पद्धत केव्हाच मागे पडली.

एक अपवाद पाहण्यासारखा आहे. छातीवरची इलेक्ट्रोड सुटली तरी रेषा सपाट होते. म्हणून खरा डॉक्टर आधी रुग्णाकडे बघतो, नाडी चाचपतो, वायरी तपासतो. रेषा सपाट आणि रुग्ण बोलतोय, हे वॉर्डात रोजचं आहे.

३. छाती दाबणं (सीपीआर) मालिकेत खोटं का वाटतं?

कारण ते खोटंच असतं, आणि तसंच असायला हवं. धडधाकट नटाची छाती खरोखर ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबली तर बरगडी मोडेल. म्हणून पडद्यावर कोपर वाकवून वरच्यावर दाबल्यासारखं करतात.

खरी पद्धत अशी: रुग्ण कडक पृष्ठभागावर, मऊ गादीवर नाही. तळहाताचा मनगटाकडचा भाग छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्यावर, दुसरा हात त्यावर, कोपर ताठ, खांदे बरोबर हातांच्या वर. मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायचं आणि प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. श्वास देणारा कुणी असेल तर ३० दाबांनंतर २ श्वास. दर २ मिनिटांनी दाबणारा बदलायचा, कारण दमलेला माणूस नकळत उथळ दाबू लागतो. नायक एकटाच दहा मिनिटं दाबतोय आणि कपाळावर घामाचा थेंब नाही, तिथे शंका घ्या. चार दाबांनंतर रुग्ण डोळे उघडून "मी कुठे आहे?" विचारतो, तिथे तर शंकेलाही जागा नाही.

४. मग सीपीआरनं खरंच किती लोक वाचतात?

१९९६ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक अभ्यास आला. तीन अमेरिकी कार्यक्रमांचे ९७ भाग पाहून त्यातले सीपीआरचे ६० प्रसंग मोजले होते. पडद्यावरचे ७५ टक्के रुग्ण त्या क्षणी वाचले, आणि ६७ टक्के घरी जाण्याइतके बरे झालेले दिसले. प्रत्यक्षात अमेरिकेत हॉस्पिटलमध्येच हृदय बंद पडलेल्या प्रौढांपैकी साधारण चौघांतला एक घरी जातो. हॉस्पिटलबाहेर बंद पडलं तर दहांतला एक.

म्हणून सीपीआर सोडायचं असा अर्थ काढू नका. फिब्रिलेशनमध्ये (प्रश्न २) सीपीआर न करता गेलेल्या दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. खरी अडचण वेगळीच होते: मालिका पाहून आलेले नातेवाईक आयसीयूत "एवढं दाबूनही उठत कसे नाहीत?" असं डॉक्टरांना विचारतात.

५. वाईट बातमी ऐकताच छातीला हात लावून आजोबा कोसळतात. हे तरी खोटंच ना?

हे नेमकं खोटं नाही. तीव्र मानसिक धक्क्यानं हृदयाचा डावा कप्पा अचानक फुग्यासारखा होऊन नीट आकुंचन पावत नाही. याला ताकोत्सुबो म्हणतात. जपानी कोळी ऑक्टोपस पकडायला जे मडकं वापरतात त्याचं हे नाव. कप्प्याचा आकार तसाच दिसतो. १९९० मध्ये जपानी डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं. छातीत दुखणं, ईसीजीतले बदल, रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचं दाखवणारं प्रथिन) वाढणं, सगळं हार्ट अटॅकसारखं. पण अँजिओग्राफीत हृदयाच्या धमन्या मोकळ्या निघतात. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत सावरतात.

फक्त एक दुरुस्ती: असे बहुसंख्य रुग्ण पाळी गेलेल्या स्त्रिया असतात. म्हणजे वैद्यकाच्या हिशेबानं आजोबांपेक्षा आजींनी कोसळणं जास्त पटतं.

६. व्हेंटिलेटरवरचा रुग्ण शेवटचं गुपित सांगतो. शक्य आहे का?

तोंडातून श्वासनलिकेत नळी असेल तर नाही. ती नळी स्वरयंत्राच्या दोन पडद्यांमधूनच जाते, त्यामुळे आवाज निघत नाही. शिवाय बहुतेकांना गुंगीचं औषध चालू असतं. गळ्याला छिद्र पाडून नळी घातलेल्या (ट्रॅकिऑस्टॉमी झालेल्या) काही रुग्णांना विशेष झडप लावून बोलता येतं, पण त्याला दिवसदिवस सराव लागतो.

मालिकेत मात्र नाकातोंडावर हिरवट प्लास्टिकचा मास्क असतो आणि सगळे त्याला व्हेंटिलेटर म्हणतात. तो साधा ऑक्सिजन मास्क आहे, त्यातून बोलता येतं. म्हणजे गुपित सांगणं शक्य, "व्हेंटिलेटरवर आहेत" हा संवाद चूक.

७. दोन वर्षं कोमात असलेला नायक एके दिवशी उठून घरी चालत जातो?

खरा कोमा सहसा दोन ते चार आठवडेच टिकतो. त्यानंतर रुग्ण हळूहळू शुद्धीवर येतो, दगावतो किंवा डोळे उघडे पण जाणीव नाही अशा अवस्थेत जातो. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ ते २०१५ अशी ४२ वर्षं अशा अवस्थेत होत्या. त्यांना बरेचदा 'कोमात' म्हटलं जातं, ते वैद्यकीयदृष्ट्या बरोबर नाही. त्यांच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये निष्क्रिय दयामरणाची वाट कठोर अटींसह मान्य केली.

आता नळ्या मोजा. दीर्घकाळ बेशुद्ध रुग्णाला नाकातून किंवा थेट पोटात अन्नाची नळी, लघवीची नळी आणि बरेचदा गळ्यात श्वासाची नळी असते. बेडसोअर होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. फिजिओथेरपी करूनही स्नायू झडतात, घोटे ताठरतात. जाग येते तीसुद्धा टप्प्याटप्प्यानं: आधी नजर वळते, मग सांगितलेलं थोडंफार कळतं, शब्द फार पुढे. दोन वर्षांनी उठून चालणं राहू दे, नीट बसायला आधार लागेल. दाढी गुळगुळीत असू शकते. ती वॉर्डातला कुणीतरी करतो.

८. डोक्याला मार लागून स्मृती जाते आणि दुसऱ्या मारानं परत येते?

पहिला अर्धा अंशतः खरा. मार लागल्यावर अपघाताच्या आधीचे काही तास किंवा दिवस पुसले जाऊ शकतात, आणि नवीन गोष्टी लक्षात राहत नाहीत. "आपण इथे कसे आलो?" हा प्रश्न रुग्ण दर पाच मिनिटांनी विचारतो. स्वतःचं नाव, बायको, गाव सगळं विसरला पण बोलणं, गाडी चालवणं शाबूत, हे मेंदूच्या इजेचं चित्र नव्हे. तसं क्वचित मानसिक आघातानंतर होतं आणि त्याचा उपचार मानसोपचारतज्ज्ञाकडे.

दुसरा मार स्मृती परत आणत नाही. पहिली इजा भरण्याआधी दुसरी झाली तर मेंदूला झपाट्यानं सूज येऊन जीव जाऊ शकतो. घरी कुणी गमतीनंही हा प्रयोग करू नये.

९. मुलाच्या हातातून थेट आईच्या हातात रक्त. आणि "घरच्यांचंच रक्त द्या" हे बरोबर का?

'अमर अकबर अँथनी' चित्रपटात तीन मुलं एकाच वेळी आईला रक्त देतात तो गाजलेला प्रसंग सगळ्यांना पाठ आहे. बाटली वरच्या बाजूला टांगलेली आणि रक्त खालून वर चढतंय, यावर गुरुत्वाकर्षणाचा आक्षेप आहेच. आजच्या पद्धतीत रक्त पिशवीत घेतात (३५० किंवा ४५० मिलि), त्यावर एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया या पाच तपासण्या होतात, घटक वेगळे करतात आणि क्रॉसमॅच करून (दात्याचं आणि रुग्णाचं रक्त एकमेकांशी जुळतं का ते तपासून) मगच चढवतात. फ्रिजबाहेर काढलेली पिशवी ४ तासांत संपवावी लागते. दात्याचं वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ तरी हवं. उपाशी, तीन रात्रींची जागलेली नायिका बहुधा दारातूनच परत जाईल.

घरच्यांच्या रक्ताबद्दलचा समज तर उलटा आहे. जवळच्या नात्यात दात्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीराला परक्या वाटत नाहीत, तिथे रुजतात आणि त्याच्यावरच हल्ला करू शकतात. प्रकार दुर्मिळ, पण बहुधा प्राणघातक. म्हणून नातेवाइकाचं रक्त द्यायचंच असेल तर आधी त्यावर किरणांची प्रक्रिया करतात. अनोळखी दात्याचं रक्त जास्त सुरक्षित.

१०. ओ निगेटिव्ह कुणालाही चालतं, तरी मालिकेत "रक्त मिळत नाही" म्हणून धावाधाव. अतिशयोक्ती?

बहुतेकदा हो. पण बॉम्बे रक्तगट असेल तर एकही शब्द खोटा नाही. डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईत तो शोधला. ए आणि बी हे प्रतिजन (लाल पेशीवरच्या, गट ठरवणाऱ्या खुणा) ज्या एच नावाच्या पायावर उभे राहतात तो पायाच या लोकांमध्ये नसतो. ओ गटात मात्र तो भरपूर असतो, त्यामुळे ओ निगेटिव्हसुद्धा यांना घातक ठरतं. बॉम्बे गटाला फक्त बॉम्बे गटच चालतो. भारतात प्रमाण साधारण दहा हजारांत एक.

साध्या तपासणीत हा माणूस 'ओ' म्हणूनच नोंदला जातो. लक्षात येतं ते क्रॉसमॅच करताना: ओ गटाची एकामागून एक पिशवी जुळेनाशी होते. लेखकमंडळींनी हा क्षण अजून नीट वापरलेला नाही, याचं नवल वाटतं.

११. "रक्तगट जुळत नाही, म्हणजे हा तुमचा मुलगाच नाही!" हे सिद्ध होतं का?

मुलाचा गट आईवडिलांपेक्षा वेगळा असणं अगदी सामान्य आहे. ए आणि बी गटांच्या जोडप्याला ओ गटाचं मूल होऊ शकतं. दोघेही पॉझिटिव्ह असताना मूल निगेटिव्ह येऊ शकतं. मालिकांची सर्वाधिक चूक इथेच. संशय घ्यावा अशा जोड्या मोजक्या: दोघेही ओ आणि मूल ए, बी किंवा एबी, किंवा एक पालक एबी आणि मूल ओ.

त्यातही पळवाट आहे. 'ओ' नोंदलेला पालक प्रत्यक्षात बॉम्बे गटाचा (प्रश्न १०) असला, तर त्याच्याकडे लपलेलं बी जनुक मुलात उघड दिसू शकतं. म्हणजे सासूबाईंनी घराबाहेर काढलेली सून निर्दोष असू शकते, आणि दोष मागच्या पिढीकडून आलेल्या जनुकाचा.

१२. मग डीएनए अहवाल? तो तर खलनायिका बदलते.

तासाभरात अहवाल येणं सहसा शक्य नाही; प्रयोगशाळेत दिवस, कधी आठवडे जातात. न्यायालयासाठीचा नमुना साक्षीदारांसमोर सीलबंद होतो आणि प्रत्येक हस्तांतराची नोंद राहते, त्यामुळे लिफाफा बदलून भागत नाही. खासगी, 'घरच्या माहितीसाठी' केलेल्या चाचणीत मात्र ही साखळी नसते. तिथे फसवणूक पटू शकते. दोन अवघड अपवाद: एकसारख्या जुळ्या भावांपैकी बाप कोण, हे नेहमीची चाचणी सांगू शकत नाही. आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्याच्या रक्तात दात्याचा डीएनए सापडतो.

१३. जुना प्रियकर रातोरात किडनी देतो. आणि ब्रेन डेड माणूस परत येतो का?

रातोरात नाही. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली जवळचे नातेवाईक म्हणजे पती-पत्नी, आई-वडील, मुलं, भावंडं आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा व नातवंडं. इतर कुणी देणार असेल तर प्राधिकरण समितीपुढे जावं लागतं. आपुलकीपोटी देतोय, पैशांची देवाणघेवाण झालेली नाही, हे समितीला पटायला हवं. अवयवाच्या खरेदी-विक्रीला ५ ते १० वर्षं कैद आणि २० लाख ते १ कोटी रुपये दंड आहे. त्याआधी रक्तगट, एचएलए (दोघांच्या ऊती किती जुळतात याची चाचणी), क्रॉसमॅच, दात्याच्या दोन्ही किडन्यांची तपासणी. दाता १८ वर्षांचा तरी हवा. गट न जुळणं हा आता शेवट नाही. दोन कुटुंबांत अदलाबदल करता येते.

ब्रेन डेड आणि कोमा यांची गल्लत करू नका. कोमात मेंदूचं काही काम चालू असतं (प्रश्न ७). ब्रेन डेड हा मृत्यू आहे. व्हेंटिलेटरमुळे हृदय धडधडत राहतं इतकंच. आपल्याकडे अवयवदानासाठी चार डॉक्टरांचं मंडळ किमान ६ तासांच्या अंतरानं दोनदा चाचण्या करतं. त्यानंतर बोट हललं तर तो मज्जारज्जूचा प्रतिक्षेप असतो, मंगळसूत्राचा प्रताप नव्हे. दान झालेलं हृदय साधारण ४ ते ६ तासांत बसवावं लागतं म्हणून ग्रीन कॉरिडॉर (रुग्णवाहिकेसाठी मोकळा केलेला रस्ता) लागतो. किडनी बर्फात २४ तास किंवा थोडी जास्त टिकते, तिला तेवढी घाई नाही.

१४. गरोदरपणाचे प्रसंग: चक्कर येते, वैद्य नाडी बघून सांगतात, जिन्यावरून पडून गर्भपात, आणि "आई की बाळ" असा प्रश्न. यातलं खरं काय?

नाडीवरून निदान होत नाही. लघवीची चाचणी साधारण पाळी चुकण्याच्या सुमाराला खरी ठरते, मळमळ बहुधा सहाव्या आठवड्याच्या आसपास. हे आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात. लग्नानंतर चौथ्या दिवशी उलटी झाली तर जेवणावळीकडे बोट दाखवा.

जिन्यावर तेल ओतणाऱ्या नणंदेचं गणितही कच्चं आहे. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाशय ओटीपोटाच्या हाडांच्या आत असतं, साध्या पडण्यानं सहसा काही होत नाही. त्या काळातले निम्म्याहून अधिक गर्भपात गुणसूत्रांतल्या दोषांमुळे होतात. नंतरच्या महिन्यांत मात्र पडणं गंभीर आहे. वार (गर्भाशयाला चिकटलेली, बाळाला पोसणारी नाळेची चकती) सुटू शकते: पोट कडक होतं, दुखतं, रक्त जातं, कधी रक्त आतच साठतं आणि बाहेर काहीच दिसत नाही. म्हणून बरं वाटत असलं तरी बाळाचे ठोके किमान ४ तास तपासतात. आई आरएच निगेटिव्ह असेल तर तिच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार होऊ नयेत म्हणून ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन. मालिकेत हे इंजेक्शन कधी दिसत नाही, आणि खरं तर दाखवावं असं ते आहे.

"दोघांपैकी एकालाच वाचवू शकतो, सांगा कुणाला?" असं नवऱ्याला विचारत नाहीत. डॉक्टरांचं पहिलं कर्तव्य आईचा जीव. गर्भपाताला सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची किंवा सासूची सही कायद्याला लागत नाही. सोनोग्राफी करताना हसून "वारस येतोय" म्हणणारा डॉक्टर मात्र सरळ गुन्हा करतोय: पहिल्याच वेळी ३ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. जन्मलेलं बाळ तीन महिन्यांचं दिसतं, त्याला इलाज नाही; नवजात मूल चित्रीकरणाला आणू नये हेच बरं.

१५. मालिका पाहून खऱ्या रुग्णाचं निदान झालंय असं कधी घडलंय का?

घडलंय. जर्मनीतल्या मारबुर्ग इथे ५५ वर्षांचा एक रुग्ण आला. हृदय निकामी होत चाललेलं, दृष्टी आणि ऐकणं जवळपास गेलेलं, ताप, थायरॉइड मंदावलेलं. हृदयाच्या धमन्या ठीक होत्या. प्रा. युर्गेन शेफर हे 'हाऊस' ही अमेरिकी मालिका विद्यार्थ्यांना शिकवताना वापरत. तिच्या एका भागात कृत्रिम खुब्यातल्या कोबाल्टनं झालेली विषबाधा होती. तीच लक्षणं इथे दिसत होती. या रुग्णाचा सिरॅमिकचा खुबा तुटल्यावर २०१० मध्ये धातूचा बसवला होता. आत राहिलेले सिरॅमिकचे कण सांध्यातल्या धातूला घासून झिजवत होते, आणि झिजलेला कोबाल्ट रक्तात जात होता. २०१४ मध्ये 'द लॅन्सेट'नं ही केस छापली.

या केसमधलं घड्याळ मात्र मालिकेचं नव्हतं. खुबा बदलल्यावर रक्तातला कोबाल्ट उतरला, हृदय कित्येक महिन्यांत काही प्रमाणात सावरलं. दृष्टी आणि श्रवण फारसं परत आलं नाही.